हाफ इंजिनचं काम : प्रस्तावना

खानापूरकडच्या भट्ट्यांवरून निघालेल्या विटा, निपाणीच्या वखारीत येणारी तंबाखूची पोती, चिकोडी-हुक्केरीच्या मळ्यांतला भाजीपाला, बेळगावच्या बाजारातून खेड्याकडे परतणारं खत : या मालाच्या प्रवासाचा निदान एक टप्पा तरी तीनचाकीत होतो. आपल्याकडे तिला कुणी टमटम म्हणतं, कुणी ॲपे, कुणी नुसतंच रिक्षा. कंपनीने ती बनवली डांबरी रस्त्यासाठी आणि ठरावीक वजनासाठी. इथे ती पाणंदीत उतरते, ओढा ओलांडते, उसाच्या फडाच्या बांधापर्यंत जाते आणि परतताना ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त माल घेऊन चढाला लागते. या वापरात तिच्या इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा, लवकर झिजतो. तो उतरवून पुन्हा मापात आणायच्या कामाला गॅरेजमध्ये हाफ इंजिन म्हणतात. हे पुस्तक त्या कामाबद्दल आहे.

क्रँक आणि त्याचे बेअरिंग शाबूत असतील तर खालच्या भागाला हात लावायचं कारण नसतं. त्यामुळे हाफ इंजिन हे फुल इंजिनपेक्षा स्वस्तातलं आणि थोड्या दिवसांत उरकणारं काम आहे, आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त होतं. पण एकदा केलेलं काम काही गाड्यांत वर्षानुवर्षं टिकतं आणि काही गाड्यांत एका हंगामातच धूर पुन्हा सुरू होतो. पिस्टन त्याच कंपनीचा असतो, मिस्त्रीही पुष्कळदा तोच असतो. मग फरक कुठे पडतो? माझं उत्तर असं : झीज कशामुळे झाली हे शोधून ते कारण दूर केलं, आणि प्रत्येक सुटा भाग जोडण्याआधी मोजला, तर काम टिकतं. पाणंदीतल्या इंजिनाची खरी सुधारणा म्हणजे ताकद वाढवणं नव्हे, तर धूळ आणि उष्णता यांना त्याच्यापासून दूर ठेवणं. पुढचं सगळं पुस्तक या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

हे काम याच भागात इतकं रुजलं, त्यालाही इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवण्याचा उद्योग त्यांनी इथेच उभा केला. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आधाराने ते कुंडल रोडच्या माळावर गेले आणि तिथे किर्लोस्करवाडी वसली. १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या नद्यांच्या काठावर इंजिनघरं उभी राहिली, आणि ऑइल इंजिन खोलता-जोडता येणारी माणसं गावोगाव तयार झाली. व्हॉल्व्ह कसा घासायचा, रिंग कशी बसवायची, टॅपेट किती ठेवायचं, हे ज्ञान आपल्या भागात आधी पाण्याच्या इंजिनावर आलं आणि मग रस्त्यावरच्या वाहनाकडे वळलं.

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि मशीनिंगचे कारखाने उभे राहिले. कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथे फाउंड्रींचा मोठा पसारा झाला, आणि मेनन पिस्टन्ससारख्या कारखान्यातून पिस्टन देशभर जाऊ लागले. निपाणी या दोन शहरांच्या मधोमध नसली तरी दोन्हींच्या आवाक्यात आहे : कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पाऊणशे. बीड ओतणारा, बोअर करणारा, पिस्टन बनवणारा आणि ते सगळं जोडून गाडी रस्त्यावर आणणारा, असे चौघेही एका दिवसाच्या फेरीत भेटावेत अशी सोय फार थोड्या तालुक्यांना लाभते. गाडीची पाटी केए-२२ची असो, केए-२३ची की एमएच-०९ची, बोअरसाठी सिलिंडर सीमेच्या अलीकडून पलीकडे आणि पलीकडून अलीकडे रोज जातात.

तीनचाकीचा इतिहासही थोडक्यात सांगायला हवा. इटलीच्या पिआज्जिओ कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, स्कूटरच्या सांगाड्यावरून मालवाहू ॲपे काढली. आपल्याकडे नवलमल फिरोदियांच्या पुढाकाराने १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि जर्मन परवान्यावर तीनचाकी टेम्पो बनू लागला. मालवाहू गाडीला टेम्पो म्हणायची सवय मराठीला लागली ती तिथूनच. १९५९ मध्ये बजाज ऑटोला स्कूटर आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला. बजाजच्या मागच्या इंजिनाच्या टू-स्ट्रोक रिक्षाचा बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५७ मिलिमीटर, म्हणजे आकारमान १४५ घनसेंटिमीटर. त्या एवढ्याशा इंजिनावर बेळगाव शहरातल्या कितीतरी मिस्त्रींचा हात बसला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पिआज्जिओचा कारखाना बारामतीला आला आणि एका सिलिंडरच्या डिझेल ॲपेने खेड्यापाड्यांचा ताबा घेतला. तिला ग्रीव्हज कंपनीचं, मूळ इटालियन लोम्बार्दिनी घराण्यातलं हवेने थंड होणारं इंजिन होतं. या पुस्तकातली बरीचशी उदाहरणं याच इंजिनाची आहेत.

रस्ता सोडून चालणारी तीनचाकी म्हटल्यावर परदेशात वेगळीच गाडी डोळ्यांसमोर येते. होंडाने १९७० साली अमेरिकेच्या बाजारात फुगीर टायरांची, एका माणसाने चालवायची तीनचाकी आणली. वाळू, बर्फ आणि रानवाटांवर हौसेने पळवायची ही गाडी. ती उलटून अपघात फार होऊ लागले, तेव्हा १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार कंपन्यांनी तिथे तीनचाकींची विक्री थांबवली. जुन्या गाड्या मात्र हौशी लोक अजून जपतात, त्यांची हेडं उतरवतात आणि मोठा पिस्टन, वेगळा कॅम घालून ताकद वाढवतात. त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी : ते प्रत्येक माप लिहून ठेवतात. त्यांचं उद्दिष्ट मात्र आपलं नव्हे. त्यांची गाडी सुटीच्या दिवशी काही तास पळते. आपली गाडी तवंदी घाट मालासह दुसऱ्या गिअरमध्ये चढते, रोज चढते, आणि ती बंद पडली की एका घराची त्या दिवसाची कमाई बुडते.

आता मूळ विषयाकडे येऊ. झिजेचं पहिलं कारण धूळ. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती, निपाणी-चिकोडीकडे काळी. दोन्हींत वाळूचे बारीक कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ. आणि क्वार्ट्झ सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो काही मायक्रॉनचाच. तेवढ्याच आकाराचा कण हवेबरोबर आत गेला की तो या थरात अडकून दोन्ही बाजूंना ओरखडत राहतो. त्याहून मोठे कण फिल्टर सहज अडवतो. इंजिन मरतं ते या न दिसणाऱ्या पिठाने.

म्हणून माझा आग्रह आहे की हेडच्या बोल्टला पाना लावण्याआधी एअर फिल्टरकडून इनलेटकडे येणारा रबरी पाइप काढावा आणि इनलेटच्या तोंडात बोट फिरवावं. बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं तर धूर आणि ऑइलच्या खपाचं कारण दुसरीकडे शोधायचं. पण बोटाला पिठासारखी तांबडी माती लागली, तर आतला बोअर कसा असेल हे न उघडताच कळतं. मग पाइप उजेडात धरून वाकवून पाहावा. बाहेरून धड दिसणाऱ्या रबराच्या घडीत चीर असते, नाहीतर क्लॅम्प सैल असतो, नाहीतर ऑइलवर चालणाऱ्या एअर फिल्टरच्या वाटीत ऑइलऐवजी चिखल बसलेला असतो. हे न पाहता नवा पिस्टन टाकणं म्हणजे आजार म्हशीला आणि इलाज पखालीला. नवीन रिंगा त्याच चिरेतून आलेली माती खाऊन पुन्हा जातात, आणि दोष पिस्टनच्या कंपनीला लागतो.

दुसरं कारण उष्णता. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळतो तो फ्लायव्हीलच्या पंख्याचा, आणि तो वारा सिलिंडरच्या पात्यांमधून नेण्याचं काम पत्र्याचं आवरण करतं. पावसाळ्यात पाणंदीतला चिखल उडून पात्यांत बसतो, गळक्या ऑइलवर धूळ चिकटून त्याची खपली होते, उसाचं पाचट पंख्याच्या तोंडाशी अडकतं. काही जण इंजिन तापतंय म्हणून ते पत्र्याचं आवरणच काढून टाकतात, म्हणजे जास्त हवा लागेल. होतं उलटंच : वारा पात्यांत शिरण्याऐवजी बाजूने निघून जातो आणि सिलिंडरची मागची बाजू भाजून निघते. सिलिंडर एका बाजूला जास्त तापला की तो गोल राहत नाही.

उष्णतेचा हिशेब एकदा आकड्यांत मांडावा, म्हणजे पिस्टन का धरतो ते स्पष्ट होतं. ८६ मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १०० अंश सेल्सियसने तापला की सुमारे ०.१७ मिलिमीटर फुगतो. त्याच उष्णतेत तेवढाच बिडाचा सिलिंडर फुगतो ०.०९ ते ०.१० मिलिमीटर. म्हणजे दोघांमधली फट सात-आठ शतांश मिलिमीटरने कमी झाली. प्रत्यक्षात पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त तापतो, त्यामुळे फट आणखी आवळते. बोअर करताना फट एवढीशी कमी राहिली आणि पात्यांत चिखल असला, तर पहिल्याच चढाला पिस्टन धरणार. फट जास्त ठेवली तर थंड इंजिनात पिस्टन आपटतो, रिंगा डगमगतात आणि ऑइल वर जातं. या दोन चुकांमधली जागा केसाएवढी आहे, आणि ती डोळ्याने किंवा बोटाने कळत नाही.

म्हणून मोजमाप. सिलिंडर तीन उंचींवर मोजावा : वरची रिंग जिथे थांबते तिथे, मध्यावर आणि खाली. प्रत्येक उंचीवर दोन दिशांना : गजन पिनच्या दिशेने आणि तिला आडवं. वरची रिंग जिथे क्षणभर थांबून परत फिरते तिथे ऑइलचा थर सर्वांत पातळ आणि दाब सर्वांत जास्त, म्हणून झीज तिथे जास्त; त्याच्या वर सिलिंडर कोराच राहतो आणि नखाला अडणारी पायरी तयार होते. ती पायरी तशीच ठेवून नवी रिंग घातली तर तिची कड पायरीवर आपटून तुटते. सहा मापं कागदावर आली की सिलिंडर निमुळता झाला आहे की लंबगोल, आणि किती, हे समोर येतं. मग नुसतं होनिंग पुरेल, बोअर करून पुढच्या साइजचा पिस्टन लागेल की नवी स्लीव्ह घालावी लागेल, हा निर्णय वादाचा राहत नाही.

बोअरचा एक नियम लेथवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांनी पाळावा : आधी पिस्टन हातात, मग बोअर. डब्यावर साइज लिहिलेला असतो म्हणून त्या आकड्यावर बोअर करून ठेवणं ही घाई आहे. पिस्टनचं माप त्याच्या खालच्या पदरावर, गजन पिनला काटकोनात घ्यायचं, उत्पादकाने सांगितलेली फट त्यात मिळवायची आणि तेवढा बोअर करायचा. बोअरिंगच्या हत्याराने शेवटपर्यंत जायचं नाही. पाच ते आठ शतांश मिलिमीटर होनिंगला राखून ठेवायचे. होनिंगच्या तिरप्या रेघा एकमेकींना छेदल्या पाहिजेत, कारण ऑइल धरून ठेवण्याचं काम त्याच करतात. आरशासारखा चकचकीत बोअर पाहून मालक खूश होतो, पण त्यात रिंगा बसत नाहीत. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरात एक काम जास्तीचं : बोअरनंतर पोर्टच्या धारदार कडा घासून बोथट करायच्या, नाहीतर पहिल्याच तासात रिंगची कड तिथे अडकते.

होनिंगनंतरची धुलाई हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. डिझेलने किंवा रॉकेलने धुतलेला सिलिंडर स्वच्छ दिसतो, पण होनच्या दगडाची भुकटी रेघांत तशीच बसलेली असते. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश घेऊन तो धुवावा, सुकवावा, आणि ऑइलमध्ये भिजवलेला पांढरा कपडा आतून फिरवावा. पहिल्यांदा कपड्यावर करडी रेघ उमटते. पुन्हा धुवावा, पुन्हा कपडा फिरवावा. कपडा पांढराच निघेपर्यंत हे करायचं, आणि लगेच ऑइलचा हात फिरवायचा, कारण कोरडं बीड पावसाळी हवेत थोड्या वेळातच गंजू लागतं. बाहेरची धूळ अडवण्यासाठी इतका खटाटोप करायचा आणि आतच दगडाची भुकटी ठेवून इंजिन बंद करायचं, यात काय अर्थ?

हेडचं काम दोन ठिकाणी अडतं : व्हॉल्व्ह आणि उंची. व्हॉल्व्ह सीटवर बसतो ती पट्टी अखंड आणि सारख्या रुंदीची हवी, साधारण एक ते दीड मिलिमीटर. ती फार रुंद झाली तर दाब विभागला जातो आणि मध्ये कार्बन अडकतो. फार अरुंद झाली तर व्हॉल्व्हची उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि कडा जळतात. गाईड ढिलं असेल तर सीट कितीही घासा, व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसणार. म्हणून आधी गाईड, मग सीट, मग पेस्ट लावून घासणं, हा क्रम बदलायचा नाही. जोडल्यावर पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओतून दुसऱ्या बाजूने पाझर पाहायचा. दोन मिनिटांचं काम, पण बांधलेलं इंजिन पुन्हा खोलण्याची वेळ त्यामुळे टळते.

उंचीचा प्रश्न डिझेलमध्ये जिवावरचा आहे. पिस्टन अगदी वर आला की त्याचा माथा आणि हेड यांच्यात एका मिलिमीटरहूनही कमी जागा उरते. शिशाची तार पिस्टनवर ठेवून, हेड पुरतं आवळून क्रँक हाताने एक फेरा फिरवला की तार चेपते, आणि चेपलेल्या तारेची जाडी म्हणजे ती जागा. गॅस्केट किंवा शिम बदलून ती जागा उत्पादकाच्या मापात आणायची असते. थोडं पातळ गॅस्केट घातलं तर काय बिघडतं, असं पुष्कळ जण विचारतात. हिशेब असा : ८६ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक म्हणजे सुमारे ४३६ घनसेंटिमीटर. कॉम्प्रेशन १८ पट धरलं तर वर उरणारी जागा साडेपंचवीस घनसेंटिमीटरच्या जवळपास. गॅस्केट फक्त ०.३ मिलिमीटरने पातळ झालं की यातले पावणेदोन घनसेंटिमीटर जातात आणि कॉम्प्रेशन १९ पटींच्या वर पोचतं. इंजिनाचा ठोका कडक होतो, बेअरिंगवरचा भार वाढतो, आणि कार्बन साचला की पिस्टन हेडला शिवण्याची भीती उभी राहते.

हाच हिशेब मोठ्या पिस्टनलाही लावून पाहावा. ८६चा बोअर ८७ केला तर आकारमान ४३६वरून ४४६ घनसेंटिमीटर होतं, म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के वाढ. मालासह चढ चढताना ती जाणवतही नाही. ओव्हरसाइज पिस्टन ही दुरुस्ती आहे. तिला ताकदवाढ समजून चांगला बोअर मोठा करू नये. सिलिंडरची भिंत दर बोअरला पातळ होते आणि पुढच्या वेळेची सोय संपते.

मग अपग्रेड म्हणायचं कशाला? माझ्या मते चार-पाच गोष्टींना. हवा ओढायचं तोंड चाकांच्या धुळीपासून उंच नेणं, फिल्टरच्या आधी धूळ गरगरून खाली पाडणारं भांडं बसवणं आणि रबरी पाइप दोन्ही टोकांना चांगल्या क्लॅम्पने आवळणं. वरची रिंग क्रोम चढवलेली घेणं, कारण ती धुळीला जास्त टिकते. फक्त सिलिंडरलाही क्रोम असेल तर ती वापरायची नाही, क्रोमवर क्रोम चालत नाही. पेट्रोल इंजिन गॅसवर चालवायचं असेल तर कडक धातूच्या सीट बसवणं, कारण कोरड्या इंधनात व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो आणि टॅपेटची फट हळूहळू नाहीशी होते. पंखा, आवरण आणि पाती पूर्ववत करून हवेची वाट मोकळी ठेवणं. आणि हेडचे ताणलेले बोल्ट बदलून नवे बोल्ट टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या जोड्यांत, टप्प्याटप्प्याने आवळणं. यात ताकद वाढवणारं काहीच नाही. पण कंपनीने दिलेली ताकद या सुधारणांमुळे पुष्कळ जास्त काळ टिकते.

याच्या उलट पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणं ही आपल्या भागातली जुनी खोड आहे. चढाला गाडी ओढते हे खरं, पण जळण्यापुरती हवा तेवढीच असते. न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं, काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं, आणि पिस्टनचा माथा जळेपर्यंत तापतो. चार दिवस गाडी जोरात पळते आणि पाचव्या दिवशी पुन्हा हेड उतरवावं लागतं. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ने वाहनाच्या मूळ नोंदीतल्या तपशिलात मनाने बदल करण्यावर बंधनं घातली आहेत. या पुस्तकातली प्रत्येक सुधारणा मूळ इंजिनाच्या मापात राहूनच सांगितली आहे.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमाने आहे. पहिला भाग निदानाचा : धुराचा रंग, ब्रीदरमधून येणारा वारा, कॉम्प्रेशनचं माप, आणि सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून तेच माप पुन्हा घेणं. ऑइलने कॉम्प्रेशन वाढलं तर दोष रिंगांचा, नाही वाढलं तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. दुसरा भाग उतरवणं, धुणं आणि मोजणं यांचा. तिसरा बोअर, पिस्टन आणि रिंगांचा; रिंगची गॅप सिलिंडरच्या आत घालून फिलर गेजने कशी पाहायची, ८६ मिलिमीटरच्या बोअरला ती साधारण ०.३० ते ०.५० मिलिमीटर का हवी, हे त्यात आहे. चौथा हेडचा. पाचवा जोडणी आणि नंतरच्या पहिल्या दिवसांचा : नवं इंजिन तासन्‌तास रिकामं आयडलवर ठेवू नये, मध्यम भाराने, वेग बदलत चालवावं आणि पहिलं ऑइल लवकर काढून टाकावं, कारण रिंगा भाराखालीच बसतात. शेवटचा भाग वर सांगितलेल्या सुधारणांचा.

पुस्तकाची हद्दही स्पष्ट करतो. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धूर आवरण्याची नवी साधनं आली. त्यांचं हाफ इंजिन या पुस्तकाच्या भरवशावर करू नये. विजेवरच्या तीनचाकीही बेळगावच्या रस्त्यांवर वाढत आहेत. पण पाणंदीत, ओझ्याखाली, घाटात चालणाऱ्या जुन्या डिझेल गाड्या अजून पुष्कळ वर्षं राहतील. त्या ज्यांच्या आहेत त्यांचं पोट हातावर आहे, आणि नवी गाडी घेणं त्यांच्या आवाक्यात नाही. त्यांच्या गाडीचं काम एकदाच आणि नीट व्हावं, हा या पुस्तकामागचा साधा हेतू आहे.

हे पुस्तक मी तीन वाचकांना समोर ठेवून लिहिलं. पहिला गॅरेजमध्ये शिकणारा पोरगा, ज्याला उस्तादाचा हात दिसतो पण त्यामागचा आकडा कुणी सांगत नाही. दुसरा अनुभवी मिस्त्री, ज्याच्या कानाला इंजिनाचा आवाज माझ्यापेक्षा लवकर कळतो. त्याला मी फक्त मायक्रोमीटर आणि बोअर गेज रोज हातात घेण्याची विनंती करतो. तिसरा गाडीचा मालक. त्याला पाना धरता आला नाही तरी चालेल, पण बोअर किती झाला, पिस्टन कोणत्या साइजचा घातला आणि फट किती ठेवली, हे तीन प्रश्न त्याला विचारता आले पाहिजेत. हे प्रश्न विचारले जाऊ लागले की काम आपोआप सुधारतं.

शेवटी एक मागणी. पुस्तकाच्या अखेरीस नोंदीचा एक कोरा तक्ता दिला आहे : तारीख, किलोमीटर, गाडी कोणत्या भागात चालते, सिलिंडरची सहा मापं, पिस्टनचा साइज, फिल्टर आणि पाइप कोणत्या अवस्थेत सापडले. प्रत्येक कामाला तो भरावा, एक प्रत मालकाला द्यावी आणि एक स्वतःजवळ ठेवावी. तांबड्या मातीत इंजिन लवकर झिजतं की काळ्या, विटांच्या फेऱ्यांनी की उसाच्या, उंच नेलेल्या फिल्टरने बोअरचं आयुष्य नेमकं किती वाढतं, याची उत्तरं बारामती किंवा पुण्याच्या कारखान्यात मिळणार नाहीत. ती खानापूर, संकेश्वर आणि निपाणीच्या गॅरेजमधल्या वह्यांतच जमू शकतात. तुमच्या नोंदींनी या पुस्तकातला एखादा आकडा खोटा ठरवला, तर पुढच्या आवृत्तीत मी तो बदलेन आणि तुमचं माप छापेन.